सूनबाई आत आहे

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आज चार डॉक्टरांनी मला तपासलं. व्हिडिओवर. मला काही झालेलं नाही – तेच माझं काम. म्हाताऱ्या माणसांना फोनवरून कसं तपासायचं, हे नवे डॉक्टर शिकतात. मी खोटी पेशंट. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आता कागदावरचं पाठ करते : चतुराबाई, वय ७४, राहणार कळवण. गुडघे दुखतात. कधी पडलेल्या नाहीत. घरात सून, तेजल.

चौघांनीही विचारलं, घरात कोणी असतं का? म्हटलं, सूनबाई आत आहे. चौघंही पुढच्या प्रश्नावर गेले.

मी सातपूरला. आत कोणी नाही.

७ नोव्हेंबर

शिकवणाऱ्या मॅडम चौघांतल्या सृष्टी नावाच्या मुलीला ओरडत होत्या. आवाज बंद करायचा राहिला होता. पेशंटच्या चेहऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघायचं – म्हणजे पेशंटला वाटतं, आपल्याकडे बघताहेत.

म्हणजे बाकीचे तिघं ठिपक्याकडे बघत होते!

८ नोव्हेंबर, शनिवार

मोरीत पडले. अर्धा तास उठता येईना. हाक मारायला तोंड उघडलं, तर नाव आलं – तेजल.

९ नोव्हेंबर

मांडी काळीनिळी. कोणाला सांगितलं नाही. भाचा रवी दिवाळीपासून वृद्धाश्रमाचे फोटो पाठवतोय. 'मावशी, बाग बघ किती छान आहे.' पडल्याचं कळलं, की हे घर संपलं.

११ नोव्हेंबर

आज डॉक्टरांची परीक्षा. आधी रोहित. 'आजी, बाकी मजेत ना?' मजेत.

मग सृष्टी. अजूनही खालीच, पडद्यावरच्या माझ्या चेहऱ्याकडे बघते. म्हणाली, "आजी, चार पावलं चालून दाखवता? फोन सूनबाईंना धरू द्या."

हे कागदात नव्हतं. मी हाक मारली. "तेजल, ए तेजल, इकडे ये गं." फ्रिज घरघरत होता. म्हटलं, कोथिंबीर निवडतेय ती.

"निवडू दे. थांबते मी."

पुन्हा हाक मारली. सृष्टी खरंच थांबली. शेवटी मीच फोन डब्याला टेकवून ठेवला, टेबल धरून उठले.

"पडलात का हो कुठे?"

उत्तर पाठ होतं. नाही.

"शनिवारी," मी म्हणाले.

१२ नोव्हेंबर

मॅडमचा फोन. भूमिका सोडायची नसते, परीक्षेत गोंधळ होतो. सृष्टीचे मार्क? म्हणाल्या, ते तुमच्या फॉर्मवर. फॉर्मवर प्रश्न आहे : डॉक्टरांनी तुमच्याकडे बघितलं का?

हो लिहिलं. खाली रेघ ओढली.

१४ नोव्हेंबर

सृष्टीचा फोन, सरावाचा नव्हे. तिने माझा खरा कागद भरला. नाव भिमाबाई. वय ७१. अडचणीला कोणाला कळवायचं? रवीचा नंबर सांगितला.

घरात कोणी असतं का?

नाही.