रायफलीचा अर्ज नामंजूर करून मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी साहेब,
परवाने व नाहरकत कक्ष, खिडकी क्र. ४,
दुर्ग (छत्तीसगड)

विषय : परवडणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीच्या परवान्यासाठी मी केलेला अर्ज तातडीने नामंजूर करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ३ जून २०२४.
२) त्यावर आजपावेतो आलेली आपली नऊ पत्रे.

महोदय,

१. मी खाली सही करणार रामाजी नत्थूजी बोपचे, वय ६८, भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. मुलगा नरेश याच्या नावावर मिळालेल्या सेक्टर ६ मधील क्वार्टरात पत्नी, मुलगा, सून व नात यांच्यासह राहतो. आपल्याकडे अर्ज हिंदीत चालतात याची मला जाणीव आहे. परंतु आपण मूळचे तुमसरकडचे, म्हणजे मराठीच, असल्याचे आपल्या शिपायाने सांगितले, आणि जे कबूल करायचे आहे ते मला माझ्याच भाषेत नीट जमते. हिंदी प्रत सोबत आहे.

२. माझी नात मृणाल, वय १६, रायफल क्लबमध्ये दहा मीटरची नेमबाजी शिकते. क्लबात मुले चौदा आणि रायफली तीन. त्यांतली एक बहुतेक दुरुस्तीतच असते. मे महिन्यात तिच्या प्रशिक्षक संघमित्रा मॅडम यांनी निरोप पाठवला की निवड चाचणीपर्यंत पोचायचे असेल तर परवडेल अशी घरची रायफल घ्यावी. कोणती घ्यावी हे मी त्यांना विचारले नाही. छत्तीस वर्षे यंत्रे उघडून बसवलेला माणूस यंत्राबद्दल एका मुलीला काय विचारणार, असे मला वाटले. हा माझा पहिला अपराध.

३. मी स्वतःच अभ्यास केला. मोबाइलवर पंधरा दिवस रायफलींची माहिती पाहिली. फिटरच्या नजरेने सांगायचे तर सेमी-ऑटोमॅटिक हे नसत्या कटकटीचे यंत्र आहे. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येते, म्हणजे स्प्रिंग आली, मॅगझीन आले, साफसफाई आली, आणि अडकले की उघडून बसा. नेम शिकणाऱ्या पोरीला दुसऱ्या गोळीची घाई कशाला? जितके भाग कमी तितका बिघाड कमी. त्यामुळे एक गोळी भरा, एक मारा, अशी साधी, टिकाऊ आणि किमतीला झेपणारी रायफल घ्यावी असे मी मनात पक्के केले होते. आणि अर्जात मात्र मी लिहिले : "सेमी-ऑटोमॅटिक रायफल, प्रयोजन शिकार व नेमबाजी."

४. असे का लिहिले, याचा खुलासा आपण सहाव्या पत्रात मागितला आहे. खुलासा असा. कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये सामानाचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, कधी खरा लिहायचा नसतो. दहा बेअरिंगे हवी असली तर वीस लिहायची, कारण स्टोअर निम्मी कापते हे आम्हाला ठाऊक. आम्ही दुप्पट लिहितो हे स्टोअरला ठाऊक. दोन्हीकडे समाधान राहते आणि यंत्र चालू राहते. हातमोजे, गॅस्केट, ग्रीस, इतकेच काय, मुलीच्या लग्नाची रजासुद्धा मी याच हिशेबाने मागितली. तेव्हा मला वाटले की साहेब सेमी-ऑटोमॅटिक कापतील, शिकारही कापतील, आणि जे उरेल तेच मला हवे होते.

५. परंतु आपल्या कक्षाने काहीच कापले नाही. उलट माझा शब्द न् शब्द खरा धरला. आयुष्यात माझ्या कागदावर कोणी इतका विश्वास ठेवला नव्हता, याबद्दल मी आभारी आहे. मात्र शिकार १९७२ सालापासून बंद असल्याने माझी फाइल जंगल खात्याकडे गेली आणि जुलैमध्ये त्यांचे एक गार्ड सेक्टर ६ मध्ये घराचा पत्ता विचारत आले. त्यांनी फ्रिज उघडून पाहिला, त्यात भेंडी होती. भिंतीवर सांबराचे डोके दिसल्यावर त्यांनी फोटो काढला. ते डोके फायबरचे असून त्याच्या कपाळात घड्याळ आहे, निवृत्तीच्या वेळी शॉपच्या मित्रांनी दिलेले. पंचनामा चालू असताना अकरा वाजले आणि सांबर अकरा वेळा वाजले, तरीही अहवालात "वन्यप्राण्याचे शिर, तपासणी आवश्यक" असे आले आहे. शेजारच्या शकुबाईंनी त्याच संध्याकाळी वाटी घेऊन येऊन सांगितले, "भाऊ, ससा-बिसा गावला तं आमाले बी द्याजा." माझी पत्नी कौशल्या हिने जे म्हटले ते खाली जसेच्या तसे देत आहे, जबाब म्हणून वापरण्यास तिची हरकत नाही : "तुमाले शिकार कावून लिहाची होती? घरातलं झुरळ तं मलेच मारा लागते."

६. ऑक्टोबरमध्ये संघमित्रा मॅडम यांना मी आपली पत्रे दाखवली. त्यांनी कपाळावर हात मारला. "काका, हिच्या खेळाची रायफल हवेवर चालते. तिले लायसनच लागत नाही. तुमी कशाचा अर्ज करून राहिले?" म्हणजे दुकानात जाऊन ओळखपत्र दाखवून जी वस्तू मिळाली असती, तिच्यासाठी मी चार महिने परवाना मागत होतो. मी लगेच दुर्गच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, कुठे काही अर्ज प्रलंबित आहे काय? मी खरे सांगितले. ज्या दिवशी लपवायला हवे होते त्याच दिवशी मला खरे बोलण्याची बुद्धी झाली. आता तो म्हणतो की फाइल बंद झाल्याचा कागद आणा, मग रायफल न्या. नरेश गेला तर त्यालाही तेच उत्तर, कारण क्वार्टरचा पत्ता एकच. खिडकी क्र. ४ वर अर्ज मागे घ्यायला गेलो तर कळले की जंगल खात्याचा अंतिम अहवाल आल्याशिवाय अर्ज मागे घेता येत नाही. अहवालासाठी त्यांना माझे हत्यार पाहायचे आहे. हत्यार माझ्याकडे नाही, हे मी तीनदा लेखी कळवले. त्यावर ते कुठे लपवले आहे, अशी विचारणा आली आहे.

७. साहेब, इथवर मी हसत लिहिले, पुढचे हसत लिहिता येत नाही. मृणालच्या वाट्याला क्लबची रायफल आठवड्यातून वीस मिनिटे येते. उरलेल्या दिवसांसाठी मी तिला लोखंडी पाइपाचा तुकडा कापून, आत शिसे भरून, बरोबर रायफलीच्या वजनाचा करून दिला आहे. तो खांद्याला लावून ती रोज तासभर व्हरांड्यात उभी राहते आणि समोरच्या क्वार्टरच्या पाण्याच्या टाकीवरच्या बोल्टवर नेम धरते. पाइपातून काही सुटत नाही. नेम लागला की चुकला हे तिला कधीच कळत नाही. पाच महिन्यांत तिने मला एकच वाक्य ऐकवले, तेही पाइप खाली ठेवताना, माझ्याकडे न बघता : "आजोबा, सीधा-सीधा लिख देते ना." मला फार लाज वाटली. छत्तीस वर्षांत कारखान्याचे एक यंत्र माझ्यामुळे बंद पडले नाही, आणि घरातली पोर माझ्यामुळे अडकून पडली आहे.

८. सबब विनंती की, माझा दि. ३ जूनचा अर्ज नामंजूर करावा. सोयीसाठी कारणेही देतो : शिकार बंद आहे, सेमी-ऑटोमॅटिक माझ्यासारख्याला देण्याजोगी नाही, अर्जदाराच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि अर्जदाराने प्रयोजन खोटे लिहिले. यांपैकी कोणतेही कारण घालावे, सगळी घातली तरी माझी तक्रार नाही. निवड चाचणी १ डिसेंबरला आहे. नकार २० नोव्हेंबरपर्यंत मिळाला तर पोरीच्या हातात दहा दिवस खरी रायफल राहील.

९. या अर्जात मी एकच गोष्ट मागितली आहे. तारीखसुद्धा गरजेपेक्षा अलीकडची लिहिलेली नाही, लागते तीच लिहिली आहे. कृपया निम्मे कापू नये.

आपल्या नकाराच्या आशेवर बसलेला,

(सही)
रामाजी नत्थूजी बोपचे
सेक्टर ६, भिलाई
दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) मूळ अर्जाची प्रत. "शिकार" या शब्दाखाली मी स्वतः लाल रेघ मारली आहे.
२) सांबराच्या घड्याळाचे दोन फोटो, पुढून व सेलच्या खाचेकडून.
३) लोखंडी पाइप. खिडकीवर घेत नाहीत. बोलावल्यास घेऊन हजर होईन.
४) हिंदी प्रत. ती मृणालने केली असून परिच्छेद ७ तिने गाळला आहे. त्या जागी तिने मला न विचारता स्वतःची ओळ लिहिली आहे : "मेरे आजोबा ने आज तक एक चिड़िया भी नहीं मारी. प्लीज़ जल्दी मना कर दीजिए." ती ओळ खरी असून तीत मी काही वाढवलेले नाही.