साडेआठचा मेसेज

उरण, ९ फेब्रुवारी २०२५

चि. कुंदन यास नमिताताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले तर आवाज चढेल, म्हणून कुरिअरने लिहून पाठवते. मंगळवारी सकाळी आई मोरीत घसरून पडली. डावं मनगट मोडलंय. दोन दिवस ती सुजलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. गुरुवारी आईच्या शेजारच्या सुंदराबाईने मला कळवलं, तेव्हा मी जासईला धावले आणि प्लास्टर घालून आणलं. मला का सांगितलं नाहीस म्हणून रागावले, तर म्हणाली, कुंदनला कळवलंय, तो येईल.

मग तिचा फोन पाहिला. तिने लिहिलंय की मी पडले, हात सुजलाय, येतोस का. त्यावर तुझं उत्तर आहे, छान, काळजी घे. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, रात्रभर ठणकत होता. तुझं उत्तर, वेळेवर जेव.

तू लहानपणी हट्टी होतास, आळशी होतास, पण असा नव्हतास. काय झालंय तुला?

घरी सगळे तुझी आठवण काढतात. मीही काढते, पण आज रागाने.

तुझी ताई,
नमिता

ऐरोली, १२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस कुंदनचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल ताईचं पत्र मिळालं आणि लगेच तुला फोन केला. तू म्हणालीस की मी बरी आहे, तू तुझं काम बघ. तेव्हा खरं सांगायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी गाडी काढली, उलव्यापर्यंत आलो आणि मागे फिरलो. तुझ्यासमोर उभं राहून जे सांगता येणार नाही, ते लिहितो.

आई, ते मेसेज मी लिहीत नव्हतो.

दिवाळीत मी स्वतःसाठी एक वेब ॲप करायला घेतलं. माझं काहीच वेळेवर होत नाही, म्हणून सगळं त्यात बसवायचं ठरवलं. भाजी, जिम, गाडीची सर्व्हिसिंग, कपडे इस्त्रीला. प्रत्येकाला एक चौकोन. एक चौकोन तुझाही केला. रोज सकाळी साडेआठला ॲप आपोआप तुला विचारायचं, जेवलीस का, गोळी घेतलीस का. तू काहीही लिहिलंस तरी ठरलेल्या चार-पाच उत्तरांतलं एक पाठवायचं आणि तुझा चौकोन हिरवा व्हायचा. हिरवा दिसला की मला वाटायचं, आईचं झालं. ऑफिसातल्या मिथुनला मी हे कौतुकाने दाखवलंही होतं.

काल कँटीनमध्ये बसून तुझे तीन महिन्यांचे मेसेज पहिल्यांदा वाचले. मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली, तुझा वाटा काढून ठेवलाय, असं तू लिहिलं होतंस. त्याला उत्तर गेलं, छान. समोरचं ताट तसंच ठेवून उठलो.

ॲप बंद केलंय. तोंड दाखवायची लाज वाटते. रागावलीस तरी मला तुझाच समज.

तुझा,
कुंदन

जासई, १५ फेब्रुवारी २०२५

चि. कुंदन यास आईचा आशीर्वाद.

तुजं पत्र दोनदा वाचलं. उजवा हात धड हाय म्हनून लिहिते. हाताचं रडू नाय आलं, पत्राचं आलं. मना वाटायचं, पोरगा कामात हाय, दोनच शब्द लिहितो, पन रोज लिहितो. मी चष्मा पुसून वाट बघायची. आता कोनाला उत्तर देत होते ते आठवून माजीच मना लाज वाटते. लाज तुला वाटते म्हनतोस. मग तुजी तू घे, मी कशाला घेऊ?

बंद केलंस ते बरं केलंस. पन ती वेळ झाली की अजून फोनकडे नजर जाते.

उलव्यापर्यंत आलास आनि फिरलास, हे वाचून जास्त राग आला. पुढच्या रविवारी ये. ताईपन येनार हाय. ती बोलेल, तू ऐकून घे.

एक सांगते ते मनात ठेव. सुंदराबाईला मी रोज फोन दाखवत होते. तिची दोन्ही पोरं विचारत नाहीत, आनि माजा कुंदन एक दिवस चुकत नाय, असं तिच्या तोंडावर बोलले हाय. तिला यातलं काय कळू देऊ नको. आलास की आधी तिच्या ओटीवर थांब आनि तिला ऐकू जाईल असं विचार, आई, हात कसा हाय.

मी आतून उत्तर देईन.

तुजी आई,
काशी