कढीच्या पेटीची खोळ

लातूर
रविवार, दुपार

प्रिय तनू,

पत्र बघून तुला आधी धास्ती वाटेल, मग हसू येईल. घरी सगळे ठीक आहेत. फोनवर मला तुझ्याशी भांडता येतं, पण बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर सांगितलं तर तू मध्येच हसशील आणि मी फोन ठेवून देईन. तर सरळच सांगते. मी तुझ्या कढीवर जळते. रेणापूरच्या शाळेची मुख्याध्यापिका, जिच्या नुसत्या चपलेच्या आवाजानं वर्ग गप्प होतात, ती एका लंगड्या, पिवळट पांढऱ्या मांजरीवर जळते. आणि कढीवर जळते म्हणजे खरं कोणावर, हे तुला उलगडून सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात तुझं मनगट मोडलं तेव्हा दादांना मीच नांदेडच्या गाडीत बसवून दिलं होतं. थोडे दिवस तनूला सोबत होईल, प्लॅस्टर निघालं की परत या, असं सांगून. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच होते. मी त्यांना कसं ठेवलं होतं, तू बघितलंयस. सकाळी गरम पाण्याची बादली, मग चहा, मग पेपर, इस्त्रीचा सदरा, जेवायला बसले की गरम भाकरी. उभी हयात लातूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस. त्यांच्या एका हाकेवर गाड्या सुटायच्या. अशा माणसानं लेकीच्या घरी ताट उचलावं, हे मला बघवलं नसतं. त्यांनीही कधी उचललं नाही. मला त्याचं ओझं वाटलं नाही गं. उलट शाळेतून दमून आले तरी त्यांच्यासाठी चूल पेटवताना, म्हणजे गॅसच, मला वाटायचं की आईची जागा आता माझी आहे आणि ती मी नीट सांभाळतेय.

प्लॅस्टर निघालं, पण दादा आले नाहीत. आज येतो, उद्या येतो, असं करत उन्हाळा लागला. शेवटी सुट्टी लागल्यावर मीच निघाले. त्यांचे कपडे बसतील म्हणून मोठी बॅग घेतली होती, रिकामीच. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता उन्हानं तापलेला, आणि माझ्या मांडीवर ती रिकामी बॅग. तरोड्याला तुझ्या तिसऱ्या मजल्यावर चढून आले, तू दार उघडलंस, आणि मला समोर बाल्कनीत दादांची पाठ दिसली. गुडघे टेकून बसले होते. बाजूला कढीच्या शी-शूची ती प्लास्टिकची पेटी रिकामी केलेली, आणि कढी पुढचे पाय जुळवून त्यांच्याकडे बघत बसलेली, देखरेखीला नेमल्यासारखी.

मी नुसती बघत राहिले. त्यांनी पेटीच्या तळाशी जुना पेपर अंथरला. त्यावर ती पातळ पिशवी पसरली. तू तिला लायनर म्हणतेस, दादा खोळ म्हणतात. चारी कोपरे ताणून कडेवरून खाली दुमडले आणि सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबराची पट्टी वरून चढवली. मग तळहात फिरवून एकेक सुरकुती काढली. आई गादीवर चादर घालायची तेव्हा फिरवायची ना, अगदी तसा. मला बघून म्हणाले, “आलीस का शीला? बस. सुरकुती राहिली की हिचं नख अडकतं. नख अडकलं की खोळ फाटती, अन् मग समदं खाली झिरपतं.” मग चांगले चार बोटं खडे ओतले, आणि आदल्या खोळीचं गाठोडं गच्च बांधून ते घंटागाडीत टाकायला जिना उतरून गेले. बाजूच्या फ्लॅटमधल्या रत्नम्मा दारात उभ्या होत्या. त्यांच्यादेखत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुला मी तेव्हा फटकन बोलले, बापाला मांजराची घाण काढायला लावतेस म्हणून. तुला तो राग माहीत आहे, पण तो कुठून आला हेही माहीत असायला हवं. आजोबांना मेलेलं जनावर ओढायला बोलावणं आलं आणि ते गेले नाहीत, म्हणून त्या सुगीला गावात कोणी त्यांना कामाला उभं केलं नाही, हे दादांनी आपल्याला लहानपणी किती वेळा सांगितलं. दुसऱ्याची घाण आपण उचलायची नाही, हा आपल्या घरचा कायदा. शाळेत झाडलोट करायला फक्त आपल्यालाच सांगितलं म्हणून हेच दादा माझ्या मास्तरांशी भांडायला आले होते. आणि आता ते पिशवी घेऊन जिना उतरत होते. ते वर आले तेव्हा मी त्यांनाही म्हणाले, दादा, तुम्ही हे करता? तू स्वयंपाकघरात होतीस, तुला ऐकू गेलं नसेल. ते हात धुता धुता म्हणाले, “मांजराचं हाय शीला, गावाचं न्हाई. मला कुणी लावलं न्हाई. मीच घेतलंय.”

तू नंतर हसत हसत सांगितलंस की, तू तर त्यांना सांगितलंच नव्हतंस. हात गळ्यात अडकवलेला, एका हातानं पिशवी बसेना, कढीनं ओरबाडून फाडलेली, फरशीवर ओघळ. तू रडकुंडीला आलीस आणि दादा म्हणाले, सरक तिकडं. एवढंच. तू ते इतक्या सहज सांगितलंस की मला तुझा जास्तच राग आला. मी इतकी वर्षं गरम पाणी काढून, भाकऱ्या थापून जे मिळवलं असं समजत होते, ते तुला नुसतं रडकुंडीला येऊन मिळालं. दादांना मी चला म्हटलं, तर म्हणाले, “कढीला जिना उतरता येत न्हाई. तनू दिवसभर ब्यांकेत. हिचं कोण बघंल?” बॅग जशी नेली तशी परत आणली. शेजारच्या केवळाबाईंनी विचारलं, दादा आले नाहीत का, तर मी म्हणाले, त्यांना नांदेडची हवा मानवली.

त्यानंतरचं माझं वागणं तुझ्या लक्षात आलं असेल. ग्रुपवर तू दादांचा आणि कढीचा फोटो टाकलास, सगळ्यांनी काय काय लिहिलं, मी काहीच लिहिलं नाही. पण फोटो मोठा करकरून बघितला. दादांच्या सदऱ्याची कॉलर चुरगळलेली होती, त्याचं मला बरं वाटलं. आणखी मोठा केला, तर दादा हसत होते. दात दिसेपर्यंत. माझ्याकडे असतानाचे सगळे फोटो काढून बघितले मी. सगळ्यांत ते ताठ बसलेत, हात गुडघ्यांवर, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे. मग मी फोन उशीखाली सारला.

म्हणून गेल्या महिन्यात तू दादांना आणि कढीला आठवडाभर माझ्याकडे पाठवलंस, तेव्हा मी ठरवून टाकलं होतं. ते येण्याआधीच बाजारातून सगळ्यात भारी लायनर आणले होते, गुलाबी, वास येणारे. पहिल्या सकाळी दादा उठायच्या आत मीच पेटी साफ केली. म्हटलं, दादांनी बघावं, थोरलीलाही जमतं. तुझ्या कढीनं त्यात पाय ठेवला, चार वेळा उकरलं आणि खोळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडली. मी ताणली नव्हती, छान झालरीसारखी सोडली होती. दुपारी शाळेतून आले तर घरभर वास, पेटीखालून ओघळ चपलांच्या रॅकपर्यंत गेलेला, आणि दादा फडकं घेऊन फरशीवर बसलेले. मी पर्स टाकली आणि त्यांच्या हातातून फडकं ओढून घेतलं. अक्षरशः ओढलं. राहू द्या दादा, मी करते, तुम्ही उठा. ते उठले. गॅलरीत खुर्चीवर जाऊन बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. मी फरशी पुसत होते आणि मला ते फोटोतले दादा दिसत होते.

संध्याकाळी चहा दिला तेव्हा म्हणाले, “तू लई करतीस शीला. कुणाला काई करूच देत न्हाईस.” मला ते कौतुक वाटलं. खरंच वाटलं गं. कप विसळताना हळूहळू कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा उठले. म्हणजे उठले होते, पण खोलीतून बाहेर आले नाही. दाराच्या फटीतून बघत राहिले. दादांनी माझी गुलाबी खोळ काढली, त्यांची तुझ्याकडून आणलेली साधी खोळ ताणून बसवली, रबर चढवलं, झाऱ्यानं खडे सारखे केले. आणि हे सगळं करताना ते कढीशी बोलत होते. स्टँडवरच्या आवाजात नाही, अगदी खालच्या आवाजात. कढी नव्या खड्यांत पाय घालून उकरायला लागली तसे म्हणाले, “आमची सरजाबी अशीच. कुठं माती दिसली की उकरलीच. डब्यात लाव, पत्र्यात लाव, अन् मग मलाच म्हणायची, पाणी घाला.” आणि हसले. तनू, आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी आईचं नाव ऐकलेलं नाही. वर्षश्राद्ध आपल्यात नसतं, पण दर वर्षी त्या दिवशी मी खीर करते, फोटोला हार घालते, दादा खीर खातात आणि उठतात. मी वाट बघत असायची, काहीतरी बोलतील. तर ते नाव त्यांनी एका मांजरीला सांगितलं, तिच्या शीच्या पेटीवर वाकून. मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते. इतकी जळले मी त्या मांजरीवर, की वाटलं बाहेर जावं आणि तिला उचलून जिन्यात ठेवून यावं. गेले नाही. ती पेटीतून निघाली, लंगडत माझ्या दाराशी आली आणि फटीतून माझ्याकडे बघून निघून गेली.

त्याच दिवशी जेवताना दादांनी तुझ्या बदलीचं सांगितलं. कोल्हापूर फार लांब आहे, तनूला तिथं घर बघावं लागेल, म्हातारं माणूस कशाला मागं ओढायचं, असं म्हणाले. “आता म्या हितंच येतो. तुझंबी मन राहील.” आणि कढीचं, मी विचारलं. भाकरी मोडत म्हणाले, “बघू. कुणीतरी न्हेईल.” मग ती भाकरी तशीच ताटात राहिली. तुला सांगते, एवढे महिने मी ज्या वाक्यासाठी झुरत होते ते वाक्य माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पाटावर बसून म्हटलं गेलं, आणि मी माझं ताट बाजूला सारलं. तुझंबी मन राहील. स्टँडवर रिटायर व्हायच्या दिवशी शेवटची गाडी सोडताना ते असेच बोलले असतील.

काल तू फोनवर विचारलंस, ताई, दादांना आणि कढीला तुझ्याकडे ठेवशील ना, आणि मी बघू म्हणून फोन ठेवला. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र. ठेवणार नाही. मी हजारदा ठरवलं तरी त्यांच्या हातातलं फडकं ओढून घेणारच, मला माझा हात माहीत आहे, आणि ते पुन्हा गुडघ्यांवर हात ठेवून बसतील. तू त्यांना कोल्हापूरला ने. तळमजल्याचं घर बघू नकोस, वरचंच बघ, कढीला उतरता येणार नाही असं. त्यांना तिथं काम असू दे. हे मी मोठ्या मनानं लिहितेय असं समजू नकोस, लिहिताना माझा जीव नुसता जळतोय, आणि सुट्टीत मी येणार, तेव्हाही तुझ्या घरात तोंड पाडूनच बसणार आहे. फक्त एक कर. ताईनं सांगितलं असं दादांना कळू देऊ नकोस. मी सांगितलं म्हटलं की ते माझं मन राखायला उलट इथेच येतील. तूच हट्ट धर, त्यांच्याशिवाय जमणार नाही म्हणून रड. माझ्यासाठी ते काहीही सोसतील, पण हट्ट पुरवतात तो तुझाच.

तुझ्यावर जळणारी, आणि तरीही तुझीच,
शीलाताई