इलिसापीचा वाटा

माणूस बर्फातल्या छिद्रापाशी तासन्‌तास न हलता उभा राहतो आणि त्याचे मन हलके होते, हे कसे? मानसशास्त्राची पदवी घेऊनही मला याचे उत्तर देता येत नाही.

मी, लिया आमारुक नाउलाक, वय २६, राहणार कांगिक, बॅफिन बेट, आमच्या घरातली पहिली पदवीधर, दवाखान्यात समुपदेशक. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी मागे लागलेले नाही आणि मरायची मला घाई नाही. पण दर वसंतात मी मनाने खचलेल्यांना सीलच्या शिकारीसाठी बर्फावर नेते, आणि बर्फ कधी फाटेल ते सांगता येत नाही. म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. घर दवाखान्याचे आहे. त्यातल्या दोन खुर्च्या माझ्या. दुसरीवर माझ्याकडे समुपदेशनाला येणारा पौलूसी आठ मंगळवार भिंतीकडे बघत बसला. भाऊ बुडाल्यापासून तो कोणाशी बोलत नव्हता. मग त्याला बर्फावर नेले. सील श्वास घ्यायला खाली आला की छिद्रावर लावलेले पीस हलते; ते कधी हलते ते बघत तो उभा राहिला आणि तिसऱ्या तासाला कुजबुजला, "मॅडम, श्वास हळू घ्या. सीलला वाटेल व्हेल आलाय." परतताना घसरगाडीवर तो गाव दिसेपर्यंत भावाबद्दल बोलत होता. दोन्ही खुर्च्या त्याला द्याव्यात. एरवी संध्याकाळी दुसरीवर कोणी बसत नाही.

२. बँकेत असेल ते पुढच्या वसंतातल्या पेट्रोलला आणि चहाला.

३. पदवीचा कागद आईला. आमारुक हे तिच्या वडिलांचे नाव, आणि आमच्यात ज्याचे नाव ठेवतात तोच परत आला असे मानतात, म्हणून ती मला बाबा म्हणते. "बाबा, चार वर्षं दक्षिणेत राहून आलात आणि आता माझ्याच घरात पाहुण्यासारखे बसता," असे म्हणत ती चहा ओतते.

४. शाळेतल्या शास्त्राच्या शिक्षकांना काहीही नाही. तेराव्या वर्षी मी पहिला पांढरा तित्तिर मारला. प्रत्येक प्राण्याची पहिली शिकार आपली नाळ कापणारीला द्यायची असते. माझी नाळ इलिसापीने कापली. मी तित्तिर सरांना दिला. त्यांनी त्यात भुसा भरून तो कपाटात ठेवला आणि माझ्या वहीत 'उत्तम' असे लिहिले. चूक माझी होती, पण राग अजून त्यांच्यावरच आहे.

इलिसापी कधी रागावली नाही. भेटली की एवढेच म्हणे, "माझा वाटा आहे गं तुझ्याकडे. सीलचाही चालेल. दात आहेत तोवर आण." आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, दात एकच उरला आहे, आणि या हिवाळ्यापासून ती अंथरुणातून उठत नाही. मी मात्र लोकांना छिद्रांवर उभे करून तंबूत टिपणे लिहीत बसायचे. आपल्याला जमत नाही हे कोणाला दिसू नये म्हणून.

५. वडिलांचा भाला. ते गेले तेव्हा माझी परीक्षा होती आणि मी आले नाही. तेव्हापासून तो माझ्या भिंतीवर होता. या कलमात आधी लिहिले होते की भाला पौलूसीला द्यावा आणि त्याने माझ्या नावाने एक सील इलिसापीला पोचवावा. लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचले. दुसऱ्याने मारलेली शिकार माझी पहिली कशी होईल?

काल सकाळी मी भाला काढला आणि बर्फावर जाऊन एका छिद्रापाशी उभी राहिले. पौलूसी दूरच्या छिद्रावर होता, माझ्याकडे पाठ करून. पहिला तास थंडीचा गेला. नंतर किती वेळ गेला ते कळले नाही. वडील आठवले, पण परीक्षा आठवली नाही. पीस हलले, मी भाला मारला. खाऱ्या पाण्यातला सील तहानलेला असतो, म्हणून त्याला बाहेर ओढल्यावर मी तोंडात बर्फ वितळवून ते पाणी त्याच्या तोंडात सोडले, वडील सोडत तसे.

इलिसापीला उशीला टेकवून बसवले. तिने स्वतः काळीज कापले. घर भरले, आईही आली. पहिल्या शिकारीतले शिकाऱ्याने खायचे नसते.

"अशी बघू नकोस," इलिसापी म्हणाली. "तुला यातलं काही मिळायचं नाही. उभी राहा तिथंच."

सगळे हसले. मी दाराशी उभी राहिले, त्यांचे खाऊन होईपर्यंत. मग एकटीच घरी आले.

कलम पाच खोडले आहे. इलिसापीचा वाटा पोचता केला आहे.

सही: लिया आमारुक नाउलाक
साक्षीदार: ॲनी किलाबुक, परिचारिका, मोझेस तुलुगाक, दुकानदार. दोघेही काल इलिसापीकडे जेवले आहेत.
कांगिक, १९ एप्रिल २०१९