शकूताई पिक्चर पाहून आल्या

शुक्रवार, १ जानेवारी १९९९

शाळेच्या लॅबमधून एक कोरं जर्नल आणलं. आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, म्हणून सगळं खरं लिहायचं.

यंदाचा संकल्प: रागावायचं नाही, कोणाचा हेवा करायचा नाही. अर्थात हेवा करावा असं शहापुरात कोणी नाहीच. चित्रपटाच्या बाबतीत तरी नाही. बारा वर्षं दर शुक्रवारी तीन ते सहाचा शो. शाळा सकाळची, त्यामुळे सोय होते. सुटलो की समोर नामाच्या टपरीवर. तिथे लोक थांबलेले असतात. "सर, कसा हाय पिक्चर?" मी आधी चहा पूर्ण पितो. मग मत देतो.

(हुद्दा लॅब असिस्टंटचा आहे. पण टपरीवर सगळे सरच म्हणतात. शाळेत नाही म्हणत.)

शुक्रवार, ८ जानेवारी

'मेरी राखी तेरी गोली'. मत दिलं: "तंत्र आहे, मंत्र नाही." नामानं अर्थ विचारला. विचार कर म्हटलं. तो दूध उतू जाईपर्यंत विचार करत होता. नंतर चौघं जण सहाच्या शोला गेले. माझं मत पडताळून पाहायला गेले असावेत.

शुक्रवार, १५ जानेवारी

'सासूबाई, कुंकू पुसू नका'. करुणरसाचा महापूर. टपरीवर सांगितलं, बायका रुमाल पिळतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवस चांगला गेला.

शनिवार, १६ जानेवारी

शेजारच्या बाईजाच्या नणंदेला ताप आला. एक तिकीट जास्त झालं. बाईजा शकूला घेऊन गेली. लग्नाला अकरा वर्षं झाली, शकू थेटरात पहिल्यांदा. मी कधी नको म्हटलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं, मी बोलावलं नव्हतं, एवढंच.

आल्यावर तांदूळ निवडायला बसली. मी कौतुकानं विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "बरा व्हता. पन ती सून म्हैनाभर उपाशी ना? मग तिच्या बांगड्या हाताला इतक्या घट्ट कशा?"

मला हसू आलं. सिनेमा म्हणजे काय, हे तिला वीस मिनिटं समजावलं. ती तांदूळ निवडत होती. शिकण्याची इच्छा दिसली नाही.

सोमवार, १८ जानेवारी

बाईजानं नळावर सांगितलं. नळावरून टपरीवर. मी गेलो तर नामा हसून हसून लाल. "सर, वयनी काय बोलल्या बांगड्यांचं! आमी परत बगून आलू."

थेटरचा मॅनेजर धाऊ स्वतः चहाला आला होता. सांगत होता की सून रडायला लागली की खालच्या बाकड्यांवरून लोक ओरडतात, "बांगड्या! बांगड्या!" पिक्चर मधेच उतरवणार होता, आता आठवडा पूर्ण करतोय.

करुणरसाबद्दल कोणी बोललं नाही.

शुक्रवार, २२ जानेवारी

पिक्चर पाहिला. टपरीवर गेलो. चहा पूर्ण प्यायलो. कोणी विचारेना. मग दुसरा चहा घेतला. शेवटी नामा म्हणाला, "वयनी उद्या जानार ना? मग उद्याच ठरवू."

मला वाईट वाटलं नाही. डोकं दुखत होतं, ते दोन चहांमुळे.

शनिवार, २३ जानेवारी

शकू गेली. बाईजाबरोबर. येऊन म्हणाली, "हिरो शेतकरी दाखवलाय. बांधावरनं बूट घालून चालतो नि चिखल लागत नाय. आपल्याला सांगा म्हनावं कुठली जमीन, आपन पन तिथंच लावनी करू."

हे टपरीवर माझ्याआधी पोचलं. कसं पोचतं ते कळत नाही. मी तर तिथेच जात होतो.

शुक्रवार, २९ जानेवारी

धाऊच्या माणसानं पाकीट माझ्या हातात दिलं. फ्री पास! बारा वर्षांनी का होईना, कदर झाली. रस्त्यातच उघडलं. 'सौ. शकुंतलाताई. एका व्यक्तीस.'

पास लॅबमध्ये ॲसिडच्या कपाटात कुलपात ठेवला. हरवू नये म्हणून.

शनिवार, ३० जानेवारी

शकू पास नसतानाच गेली. धाऊ दारात उभा होता म्हणे. "ताईंना पास कसला मागता रे?" असं डोअरकीपरला ओरडला. पंख्याखालची खुर्ची दिली. ती खुर्ची माझी आहे. शुक्रवारी. शनिवारचं धाऊ काय करतो याच्याशी मला देणंघेणं नाही. तरी पंखा तोच आहे.

रविवार, १४ फेब्रुवारी

मोठी बातमी. साप्ताहिकाचे संपादक स्कूटरवरून घरी आले. चार वर्षं मी त्यांना परीक्षणं पाठवतोय. एक छापलं होतं, हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीखाली. नाव भगीरथऐवजी भगवान.

इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो. ते म्हणाले, "ताई आहेत का?"

दर आठवड्याला सदर हवंय. नावही ठरवून आले होते: 'शकूताई पाहून आल्या'. शकू लाजली. म्हणाली, "माजं सातवीपर्यंतच झालंय. हात चालत नाय भरभर. मी सांगन, हे लिवतील."

संपादक माझ्याकडे पाहून म्हणाले, "वा, मग प्रश्नच मिटला."

शांतपणे विचार केला. लिहिणारा हात माझा, म्हणजे सदर एका अर्थी माझंच. होकार दिला. तसं होकार कोणी मागितला नव्हता.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

पहिला अंक आला. शकूच्या मजकुरात मी एक वाक्य घातलं होतं: 'दिग्दर्शकाची पकड ढिली असली तरी आशयाचा पोत घट्ट आहे.' तेवढंच कापलेलं. बाकी कानामात्रेसकट तसंच.

जागेची अडचण असणार.

मंगळवार, २ मार्च

धुळवड. या वेळी तीन वाक्यं घातली होती. तिन्ही कापली. संपादकाला माझं अक्षर ओळखू येत असेल म्हणावं, तर सगळंच माझ्या अक्षरात आहे.

शकूचा भाऊ धसईहून आला. तिथल्या बाजारात भाजी मांडून बसलेल्या बायका सदर वाचून घेतात म्हणे. एक वाचते, बाकीच्या जुड्या बांधता बांधता ऐकतात. जेवताना मला म्हणाला, "दाजी, तुमी पन जाता का कदी पिक्चरला?"

रंगाचं पाणी डोळ्यात गेलं होतं. दुपारभर चुरचुरत होतं.

सोमवार, ८ मार्च

उंबरमाळीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी आली. धोंडीबाई. शिकेकाई विकायला आली होती, विचारत विचारत घर शोधलं. मला म्हणाली, "पिक्चरवाली बाय हितंच र्‍हाते काय रं?"

ओटीवर बसली. तिची नात शाळेत जाते, ती सदर वाचून दाखवते. शकूला म्हणाली, "आमचा सगला दीस मोडतो बाय. जीप दोनदा बदलावी लागते. तू चांगला सांगशील तवाच येऊ. सुनांना आनीन, नातीला आनीन. त्यांनी थेटर बगलं नाय अजून."

शकूनं तिचे हात धरून सांगितलं, चांगला आला की नक्की लिहीन. मी तिथेच बसलो होतो. मला कोणी काही विचारलं नाही. शिकेकाई मात्र मीच आत नेऊन ठेवली.

शनिवार, २० मार्च

'बदले का ज्वालामुखी'. काल मी टपरीवर म्हटलं होतं, "धाडसी." खरं तर पिक्चर घाणेरडा आहे. पण घाणेरडा म्हणायला अभ्यास लागत नाही.

शकू आज अर्ध्यातून उठून आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, लिहा. "बायांनी जाऊ नये. पोरींना तर नेऊच नये. त्या मुलीला धरून जे काय दाखवलंय ते बगवंना. मी खाली वाकून चपला शोधत बसले, नि चपला पायातच व्हत्या."

लिहून घेतलं. मग स्वच्छ प्रत करायला बसलो. नीट विचार केला. शकूचं कधीच चुकत नाही असा लोकांचा समज होऊन बसलाय. हे समाजाला चांगलं नाही. तिलाही चांगलं नाही. एकदा चुकली की लोक आपोआप दुसरं मत विचारतील. दुसरं मत कोणाचं असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रत केली: 'सहकुटुंब पाहावा. विशेषतः महिलांनी.'

एवढासाच बदल.

मंगळवार, २३ मार्च

अंक आला. घरचा अंक मी शाळेत घेऊन गेलो. संपादकांनी या वेळी एकही शब्द कापलेला नाही. माझ्या हातचं पूर्ण छापलेलं पहिलंच लेखन.

शनिवार, २७ मार्च

लिहू की नको. खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो.

पाच वाजता ओटीवर सहा बायका. धोंडीबाई, तीन सुना, एक शेजारीण आणि नात. नात तेरा-चौदाची. सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी, नातीच्या वेणीत अबोली. धाऊनं 'ज्वालामुखी'चा दुसरा आठवडा ठेवला होता, त्याच्या इंटरव्हलला उठून आल्या होत्या. नात मान वर करत नव्हती.

धोंडीबाई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, तू सांगलंस म्हनून आलू आमी."

शकूला काही कळेना. मग नातीनं पिशवीतून घडी केलेला अंक काढून दिला. शकूनं ओठ हलवत वाचला. दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो. मार्च महिना होता.

ती म्हणेल, हे माझ्या नवऱ्याचं काम. मी उत्तर तयार ठेवलं होतं: गडबडीत दोन प्रती एकमेकींत मिसळल्या. शकू म्हणाली, "माजं चुकलं, आजी."

सहाही जणींना तिनं तांदळाच्या भाकऱ्या करून वाढल्या. नातीला जवळ घेऊन बसली. तिच्याशी हळू काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. जीपपर्यंत सोडायला गेली. माझं तयार उत्तर कोणी मागितलंच नाही.

रविवार, २८ मार्च

शकू बोलत नाही. भांडत असती तर मुद्दे मांडता आले असते.

गुरुवार, १ एप्रिल

या मंगळवारी सदर गेलं नाही. रोज दुपारी ती स्वतः लिहीत बसते. पाटीवर आधी, मग कागदावर. मी म्हटलं, सांग, लिहून घेतो. म्हणाली, "नगं." काल 'क्षमा' शब्दावर अडली होती. बाईजाच्या मुलीला विचारून आली. मी चार हातांवर बसलो होतो.

मंगळवार, ६ एप्रिल

अंक आला. सदर सहा ओळींचं.

'मागच्या वेळेला इथं जे छापलं ते माझं मत नव्हतं. चूक आमच्या घरातली आहे. उंबरमाळीच्या आजींची आणि त्यांच्या नातीची मी क्षमा मागते. यापुढे मी पिक्चर बघीन, लिहिणार नाही. ज्यांना विचारायचं त्यांनी घरी यावं. चहा प्यावा.'

संपादकांनी एक शब्दही कापला नाही.

टपरीवर गेलो. सदर बंद झालं, म्हणजे जागा मोकळी. चहा पूर्ण प्यायलो. नामा कप विसळत म्हणाला, "सर, चूक घरातली म्हंजे काय हो?" मी म्हटलं, छपाईची असेल. त्यानं पुढचा कप विसळायला घेतला. बाकावरचे दोघं उठून उन्हात जाऊन उभे राहिले.

शुक्रवार, ९ एप्रिल

थेटरला गेलो नाही. प्रकृती. तीन ते सहा लॅबमध्ये परीक्षानळ्या धुतल्या. धुतलेल्याच होत्या.

रविवार, ११ एप्रिल

सकाळी शकूला न सांगता निघालो. जीप दोनदा बदलली. उंबरमाळीच्या पुढे चढ आहे, पायी. पाड्यावर धोंडीबाई अंगण शेणानं सारवत होती. मला ओळखलं नाही. सांगितलं, पिक्चरवालीचा नवरा. मग हात धुऊन आली आणि खाट टाकली.

वाटेत भाषण तयार केलं होतं, चांगलं होतं. ते आठवेना. नुसतं म्हटलं, ते मी लिहिलं होतं. शकूनं नाही.

म्हातारी म्हणाली, "ते कललं व्हतं तवाच. तू कॅलेंडर बगत व्हतास."

आणि उरलेलं अंगण सारवायला लागली. एक सून पाणी देऊन गेली. नात दारात उभी होती. तिनं विचारलं, "पुढं त्या मुलीचं काय झालं? आमी उठून आलू ना."

म्हणजे ती मुलगी पंधरा दिवस या पोरीच्या डोक्यात तशीच अर्धवट राहिली होती. म्हटलं, बस, सांगतो. हळूहळू सुना आल्या, शेजारपाजारच्या आल्या, पंधरा-वीस जण जमले. बारा वर्षांत टपरीवर इतके जमले नव्हते. मी खाटेवर सरळ बसलो. सुरुवात केली. उत्तरार्धात कॅमेरा कसा फिरतो, पार्श्वसंगीत कुठे चढतं. एक बाई उठून चुलीकडे गेली. मग दिग्दर्शकाची पकड. आणखी तिघी उठल्या. नात म्हणाली, "पन ती मुलगी? घरी गेली का नाय? आईनं घेतलं का तिला घरात?"

मी आठवू लागलो. पिक्चर पूर्ण पाहिलाय. ज्वालामुखी आठवतो, बंदुका आठवतात, हिरोचं शेवटचं वाक्य पाठ आहे. मुलगी घरी गेली की नाही, ते मी पाहिलंच नव्हतं. तसं सांगितलं. शकूही अर्ध्यातून उठली होती, हेही सांगितलं.

धोंडीबाई म्हणाली, "र्‍हाऊ दे. तरी पिक्चरवाली आली की तीच काय ते सांगल. घेऊन ये तिला."

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. शकू दारात टोपली विणत बसली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली. कुठं गेला होतात, म्हणाली. सांगितलं, उंबरमाळीला. जे झालं ते बोलून आलो. तुला बोलावलंय त्यांनी.

तिनं हातातली काडी खाली ठेवली.

"आनि तुमाला?"

म्हटलं, तसं स्पष्ट काही बोलणं झालं नाही.