जूनचा पाला

कोक्तेरेक, २ ऑक्टोबर १९९४

प्रिय तोर्गिन,

तुला आणि तुझ्या आईवडिलांना सलाम. इकडे सगळं ठीक. पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतोय. तुझी घोडी मला जवळ येऊ देत नाही, परवा लाथ मारून मोकळी झाली. बाबा आता उठून बसतात. हात पूर्वीसारखेच थरथरतात, पण बोलणं स्पष्ट आहे.

एवढं लिहून मी दोनदा कागद फाडलाय.

उद्या दुलात तुझी पेटी आणि गाद्या गाडीत घालून तुमच्याकडे येतोय. लग्नाचं नातं तोडायला. भाऊ माझा आहे, मी त्याला ओळखते. एकदा शेवटचा शब्द बोलला की मागे फिरायचा नाही. म्हणून आजच लिहिते.

दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या, शहरातही मिळेनात, तेव्हा बाबांच्या हातांसाठी अद्रस्पानच्या झुडपाचा काढा करायचं मीच काढलं. आजी करायची तसा, मूठभर. जुन्या मेंढवाड्यापाशी मेंढ्यांनी गवत पार संपवलंय, तिथे तीच झुडपं माजलीत. मेंढ्या त्यांना तोंड लावत नाहीत ना. मी भराभर ओरबाडत सुटले. तू मात्र आधी झुडपाला सलाम केलास आणि मी हसले. मग तू म्हणालीस, "आपा, आता बोंडं धरलीत. आता फक्त धुरीला घ्यायचं. पाण्यात घालायचा तो जूनचा पाला, बोंडं धरायच्या आधीचा."

"तुझ्या माहेरी डॉक्टर पिकतात वाटतं!" मी म्हटलं.

गावातल्या बायका औषध विचारायला तुझ्याकडे यायच्या, माझ्याकडे नाही. विधवा होऊन बापाच्या घरी परतले, तरी घर माझ्याच हाताखाली चालायचं. मग तू आलीस. मला तुझा हेवा वाटायचा, तोर्गिन. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

तू दूध काढायला गेलीस तेव्हा मी ती बोंडं कुस्करून उकळली. दूध घातलं, लोणी घातलं. तू आलीस, वास घेतलास, विचारलंस, "कोणता पाला?" मी म्हटलं, "जूनचाच, वाळवलेला." तू विश्वास ठेवलास आणि वाटी बाबांकडे नेलीस.

तासाभरात ते ओकायला लागले. भिंतीतून घोडे येताहेत म्हणून ओरडत होते. त्यांच्या तोंडून एवढंच कळत होतं, "सुनेनं दिलं." डॉक्टरांनी मला विचारलं, कोणता भाग, किती घातला? मी म्हटलं, "सुनेला माहीत." डॉक्टर तीन दिवस अंधारात चाचपडत राहिले. पुढे त्यांनीच सांगितलं की बियांमधलं विष पाल्याच्या कितीतरी पट असतं, आणि ते चढलेलं असताना आंबट दह्याचं जुनं, वाळलेलं कुरुत खाल्लं तर रक्ताचा दाब उसळू शकतो. त्या दिवशी बाबांच्या खिशात कुरुत होतंच, मी पाहिलं होतं. तरीही मी गप्प.

घराण्यातले म्हातारे जमले, तुला विचारलं. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर सून उलट बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच्याच आड मी लपले. दुलातने तुला त्याच संध्याकाळी गाडीत बसवलं.

तेव्हापासून बाबा सारखे विचारायचे, "तिचं मी काय वाकडं केलं होतं?" कालपर्यंत मी उत्तर टाळलं. आज सकाळी चहा देताना सांगून टाकलं. सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि वाटी बाजूला सारली. दुपारीही माझ्या हातचं काही घेतलं नाही. शेजारच्या गुल्सुमने भरवलं, तेव्हा खाल्लं.

दुलातसमोर तेच पुन्हा सांगायचं बळ माझ्यात उरलं नाही. तू परत यावंस असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी गमावलाय. पण तुझ्यावरचा डाग तुझ्या दारातच पुसला जावा.

दुलातला वाटतंय की या पाकिटात पेटीतल्या सामानाची यादी आहे. मीच तसं सांगितलंय. वाचून झालं की घडी घालू नकोस. कागद त्याच्या हातात दे, आणि तुझ्या वडिलांसमोर मोठ्याने वाचायला सांग. मध्येच थांबला तर म्हण, पुढे वाच, खाली सही आहे.

काढा करणारी,
राखिया