हवा जरा कमी ठेवली, अण्णा

अण्णा, मी एक गाडी घेतलीय, आणि तुम्ही असतात तर गाडीकडे न बघता आधी तिच्या टायरला अंगठा लावला असतात. हिला चार चाकं आहेत पण ही मोटार नाही, हँडल आहे पण स्कूटर नाही. खडकाळ रानात चालवायची असते, एटीव्ही म्हणतात. तीही जुनी, दुसऱ्यानं वापरून कंटाळून विकलेली. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईनं यात्रेला जायचं सोडून हे काय घेतलं, असं आपल्या निम्म्या काचीगुड्यानं विचारून झालंय. त्यांना काहीबाही सांगते. तुम्हाला खरं सांगते, कारण हे खूळ मूळचं तुमचं आहे.

शंकरपल्लीच्या पुढे ऑफिसातल्या लोकांबरोबर तुम्ही जमिनीचा तुकडा घेतलात, तोही आईला न विचारता. बाकीच्यांनी शहाण्यासारखी सपाट जमीन घेतली आणि तुम्ही आपणहून टेकाड मागून घेतलंत. 'वरून तलाव दिसतो,' एवढंच घरी येऊन म्हणालात. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, 'दगड बघायला इतक्या लांब कशाला जायचं, एक रोज माझ्यासमोर बसून जेवतो की.' तुम्ही होतात तोवर ती तिकडे फिरकली नाही, आणि तुम्ही गेल्यावर तिनं त्या जागेचं नावही काढलं नाही. मात्र गेल्या दिवाळीत चकली मोडताना एकदम म्हणाली, 'मला ह्यांचा तो दगड बघायचाय.' ऐंशी कधीच उलटलीय तिची. घराच्या पायरीलासुद्धा ती शिव्या घालून मग उतरते. मोटार जाते ती टेकाडाच्या पायथ्याशी, पुढे नुसते खडक आणि बाभळी. तिला कावडीत घालून न्यायला मी काही श्रावणबाळ नाही. तेव्हा ही गाडी.

गाडी टेंपोतून पायथ्याशी नेली आणि तिथल्या आमराईच्या राखणदाराच्या छपरात ठेवली. धाकट्याचा मुलगा, तुम्ही न पाहिलेला नातू, गच्चीबावलीला कंपनीत आहे. त्याच्या अंगात लगेच वारं शिरलं. 'आत्या, पुढे दिव्यांची पट्टी लावू, स्पीकर लावू, भारीच दिसते बघ.' मी म्हटलं, तुझी आजी वरातीत चाललीय का? भर दुपारी जायचं आहे, दिवे नक्को. मी मागच्या सीटला पाठ टेकायची सोय करून घेतली, धरायला दोन्हीकडे दांड्या, आणि गाडीच्या पोटाखाली जाड पत्रा, म्हणजे दगड इंजिनाला लागत नाही. मागची दोन टायरं कडेला चिरली होती, ती बदलली. तो तोंड पाडून म्हणाला, 'या सगळ्यात दिसण्यासारखं काय आहे?' मी म्हटलं, आजी धड परत येताना दिसेल.

खरी धास्ती पंक्चरची होती. वर फोनला रेंज नाही, आणि चाक बसलं तर आईला खाली आणायचं कसं, या विचारानं मला झोप लागेना. मग चारही टायरांत ते चिकट औषध भरलं, बारीक भोक पडलं तर आतल्या आत बुजवणारं. भोक बुजवायच्या पट्ट्यांची डबी घेतली, बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला. एवढं करून माती खाल्ली ती तुमच्या नादानं. तुम्ही दर रविवारी अंगणात बसून स्कूटरचं टायर अंगठ्यानं दाबायचात, व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचात आणि म्हणायचात, 'टायर टणक तर माणूस ठणठणीत.' मी ब्रह्मवाक्य समजून अंगठा दबेनासा होईपर्यंत हवा भरली आणि एकटीच वर निघाले. पहिल्याच खडकावर गाडी अशी उसळली की चष्मा एका बाभळीत आणि मी दुसरीत. काटे उपटत बसले असताना टायरच्या कडेवर उठवलेला आकडा दिसला. इतकी कमी हवा लागते यात, की स्कूटरच्या मापकाचा काटा जागचा हलतसुद्धा नाही; वेगळा घ्यावा लागला. टायर मऊ असलं की दगडाला धरून चालतं. फार मऊ केलं तर मात्र रिम आपटते. हवा सोडताना मी दोनदा मागे वळून बघितलं, तुम्ही उभे असाल म्हणून.

एक मला कधी कळलं नव्हतं. इतका अंगठा लावूनही तुमची स्कूटर पंक्चर व्हायचीच, आणि तीही आई मागे बसली असेल तेव्हाच. ऑफिसला जाताना नाही, मला परीक्षेला सोडताना नाही. तुम्ही दोघं साडीचा फॉल आणायला आबिड्सला जाता आणि दिवेलागण उलटून येता. दोन खोल्यांत आम्ही एवढी माणसं वाट बघत बसलोय, आमची आजी दारातच उभी. 'पुन्हा पंक्चर?' तुमची बहीण, आमची आत्या, म्हणते, वहिनींचं वजन वाढलंय. आई तेव्हा काडीसारखी होती, तरी हे मुकाट ऐकून घ्यायची. आणि मुकाट ऐकणं तर तिच्या रक्तात नाही.

तर परवा आईला नेलं. तिला सीटवर बसवलं, कमरेला माझी ओढणी बांधली. वाटभर ती मला 'हळू गं, म्हशी' म्हणत होती. वर पोचलो. तो सपाट खडक, कडुनिंब, खाली तलाव. ती उतरली, काठी टेकून पाण्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाली, 'हौ, बघितला. चल आता.' तिचा ओठ थरथरत होता. माझ्यासमोर रडण्यापेक्षा ती घरी जाणं पत्करेल, हे मला ठाऊक आहे. मी मागच्या चाकापाशी वाकले आणि म्हटलं, 'आई, पंक्चर. वेळ लागेल, बस जरा.'

ती खडकावर बसली. मी तिच्याकडे पाठ करून डबी काढली, पंप काढला, बराच वेळ खुडबुड केली. ऊन उतरायला लागलं. मग ती म्हणाली, 'सावकाश होऊ दे. ह्यांना पण टँक बंडवर तास तास लागायचा.' मी म्हटलं, 'कशाला?' 'पंक्चरला. घरात दोन शब्द बोलायला जागा कुठे होती? तलावाच्या कट्ट्यावर बसायचो पाण्याकडे बघत. म्हणायचे, एक दिवस आपली जागा घेऊ, तिथे पाणी दिसेल आणि पंक्चर सांगावं लागणार नाही.' काठीनं खडकावरचा पाला सारत म्हणाली, 'मला न विचारता घेतली म्हणून मी हट्टानं आले नाही. एकटेच येऊन बसायचे इथे. चुकलंच माझं.' मग ती रडली, माझ्यापासून न लपवता रडली. मीही रडले, अण्णा. आबिड्सहून काचीगुड्याला येताना टँक बंड वाटेत येतच नाही, हे माझ्या या वयात लक्षात आलं.

परतायला अंधार पडला. भाचा दारातच उभा होता. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, 'पंक्चर झालं होतं.' तो चक्रावला. 'औषध भरलंय ना? कुठे झालं?' आई चपला काढत म्हणाली, 'पाण्याजवळ.' आणि सरळ आत गेली.

या पत्रावर पत्ता काय घालणार. गाडीच्या सीटखाली त्या पट्ट्यांच्या डबीत ठेवून देते. डबीत जागा भरपूर आहे, पण पट्ट्या सगळ्या आहेत तशाच आहेत. खरं सांगते अण्णा, त्यांचं पाकीट मी अजून फोडलेलंच नाही.